महासागरांच्या खोऱ्यांतील सरासरी समुद्रपातळी का बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळे समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत, मग प्रत्येक खोऱ्याची पातळी वेगळी कशी?

पाणी जोडलेले असले तरी समुद्राचा पृष्ठभाग सपाट नसतो. पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सर्वत्र सारखे नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षणही जागोजागी बदलते आणि पाणी त्याप्रमाणे वरखाली बसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचा पृष्ठभाग आदर्श लंबगोलापेक्षा (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापेक्षा) १०० मीटरहून अधिक खाली आहे, तर न्यू गिनीच्या आसपास तो ८० मीटरांच्या आसपास वर आहे. हे खड्डे आणि उंचवटे वर्षानुवर्षे जवळपास तसेच राहतात.

त्यांच्यावर दुसरा, खूप लहान चढउतार असतो, साधारण एक-दीड मीटरचा. तो प्रवाह, वारे आणि पाण्याची घनता यांमुळे तयार होतो. पॅसिफिकचे पाणी अटलांटिकपेक्षा कमी खारे आणि म्हणून हलके आहे, त्यामुळे पॅसिफिकची पातळी सरासरीने जास्त उंच आहे. पनामाच्या दोन किनाऱ्यांवरच सुमारे २० सेंटिमीटरचा फरक सापडतो. खोऱ्याची सरासरी वर-खाली झाली असे आपण म्हणतो तेव्हा बदल बहुतेक वेळा या दुसऱ्या थरात झालेला असतो.

हा बदल कशाकशाचा बनतो?

हिशेब मांडताना दोन मुख्य रकाने करावेत. पहिला वस्तुमानाचा: खोऱ्यात पाणी किती आले, किती गेले. दुसरा घनतेचा: आहे तेच पाणी गरम किंवा गोडे होऊन किती फुगले, थंड किंवा खारे होऊन किती आकसले. शिवाय समुद्रतळ स्वतः वर-खाली होतो आणि हवेचा दाब पृष्ठभाग दाबतो, पण या दुरुस्त्या लहान असतात.

जगाच्या सरासरीसाठी २००६ ते २०१८ या काळात वाढ वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होती. त्यात पाण्याच्या औष्णिक प्रसरणाचे साधारण १.४, हिमनद्यांचे ०.६, ग्रीनलंडचे ०.६, अंटार्क्टिकाचे ०.४ आणि जमिनीवरच्या पाण्याचे ०.६ मिलिमीटर. मात्र हा जागतिक हिशेब जसाच्या तसा एखाद्या खोऱ्याला लावता येत नाही. खोऱ्यात वारे आणि प्रवाह पाणी व उष्णता इकडून तिकडे नेतात. ही देवाणघेवाण जगाच्या बेरजेत शून्य होते, पण एका खोऱ्यात काही वर्षे तीच सर्वांत मोठी रक्कम असू शकते. खोऱ्यांच्या आकड्यांचे चुकीचे अर्थ बहुतेक वेळा ही देवाणघेवाण विसरल्यामुळे निघतात.

पाणी तापले की नेमके किती फुगते?

ते पाणी आधीपासून किती गरम आहे यावर अवलंबून आहे. पृष्ठभागाजवळचे २५ अंश सेल्सिअसचे समुद्रजल एका अंशाने तापले तर त्याचे आकारमान सुमारे दहा हजारांत तीन भाग वाढते. शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात ही वाढ दहा हजारांत जेमतेम अर्धा भाग असते. म्हणजे तेवढीच उष्णता उष्ण कटिबंधात शिरली तर ध्रुवीय समुद्राच्या कितीतरी पट पातळी वाढते.

प्रत्यक्ष आकडा काढून पाहा. वरचा ७०० मीटरचा थर सरासरी ०.५ अंशाने तापला आणि त्या थराचा सरासरी प्रसरण गुणांक दहा हजारांत दोन धरला, तर ७०० × ०.५ × ०.०००२ = ०.०७ मीटर, म्हणजे ७ सेंटिमीटर. संपूर्ण स्तंभासाठी एकच गुणांक वापरू नये. तो तापमान, क्षारता आणि दाब या तिन्हींनुसार बदलतो. खोल थंड पाण्यात दाबामुळे तो पृष्ठभागावरच्या तितक्याच थंड पाण्यापेक्षा बराच मोठा होतो. म्हणून थराथराने गणित करून बेरीज करणे हाच बरोबर मार्ग आहे.

क्षारतेचा परिणाम किती?

जगाच्या सरासरीत जवळपास नगण्य, एका खोऱ्यात भरपूर. १०० मीटर जाडीच्या थरातून प्रति किलो एक ग्रॅम मीठ कमी झाले तर पातळी साधारण साडेसात सेंटिमीटर वाढते. आर्क्टिकमधल्या ब्यूफर्ट भोवऱ्यात घड्याळाच्या दिशेने फिरणारे वारे गोडे पाणी मध्यभागी गोळा करतात आणि तिथली पातळी चढते. वारे मंदावले की ते पाणी बाहेर सुटते. बंगालच्या उपसागरातही मोठ्या नद्यांचे पाणी वरचा थर इतका गोडा करते की केवळ तापमान पाहून पातळीचा अंदाज बांधला तर तो चुकतो.

इथे दुहेरी मोजणीपासून सावध राहावे. वितळलेल्या बर्फाचे पाणी आले म्हणून वस्तुमान वाढले, आणि तेच पाणी गोडे म्हणून घनताही घटली, अशा दोन्ही रकमा जागतिक बेरजेत धरल्या तर उत्तर फुगते. समुद्रातले एकूण मीठ तेवढेच राहते, म्हणून जगासाठी फक्त वस्तुमान धरावे.

तरंगता बर्फ वितळल्याने पातळी वाढते का?

अगदी थोडी. तरंगता बर्फ आपल्या वजनाएवढे खारे पाणी बाजूला सारतो, पण वितळल्यावर गोडे पाणी देतो आणि ते किंचित जास्त जागा घेते. जगातला सगळा तरंगता बर्फ वितळला तरी वाढ काही सेंटिमीटरच. पातळीवर खरा परिणाम करतो तो जमिनीवरचा बर्फ.

हिमचादरींचे पाणी सर्व खोऱ्यांत सारखे वाटले जाते का?

नाही, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खरे वाटत नाही. सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात आला की जागतिक सरासरी १ मिलिमीटर वाढते. पण ग्रीनलंडची हिमचादर स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढून धरते. बर्फ घटला की ही ओढ कमी होते आणि पाणी दूर सरते. शिवाय ओझे उतरल्यामुळे तिथली जमीन वर येते. परिणामी ग्रीनलंडपासून साधारण २,००० किलोमीटरच्या आत पातळी प्रत्यक्षात उतरते आणि दक्षिण गोलार्धात ती सरासरीपेक्षा जास्त वाढते. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तर उलट घडते: उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांना सरासरीपेक्षा सुमारे पाव पट जास्त वाढ सोसावी लागते. प्रत्येक हिमचादरीचा असा ठरावीक नकाशा असतो. म्हणून उत्तर अटलांटिकसाठी अंटार्क्टिका अधिक महत्त्वाची आणि दक्षिण अटलांटिकसाठी ग्रीनलंड.

वितळलेल्या पाण्याचे वस्तुमान काही दिवसांत ते काही आठवड्यांत सर्व महासागरांत पसरते, कारण दाबाच्या लाटा फार वेगाने जातात. पण त्या पाण्याचा गोडेपणा आणि थंडावा पसरायला वर्षे, कधी दशके लागतात. म्हणजे पातळीचा काही भाग लगेच सर्वत्र पोहोचतो आणि घनतेचा भाग उगमाच्या खोऱ्यात रेंगाळतो.

वाऱ्याने पातळी कशी बदलते?

पॅसिफिकचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. विषुववृत्तावरचे व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि पृष्ठभागाचे गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. त्यामुळे पश्चिम पॅसिफिकची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. त्याच वेळी खाली थर्मोक्लाइन, म्हणजे गरम आणि थंड पाण्याची सीमा, उलट्या दिशेने झुकते: पश्चिमेला १५० मीटरहून खोल, पूर्वेला ५० मीटरच्या आसपास. वर काही सेंटिमीटर दिसतात, तेव्हा खाली सीमा दहा-वीस मीटर सरकलेली असते. पातळीतला बदल म्हणजे बहुतेक वेळा या सीमेच्या हालचालीची वर उमटलेली खूण.

एल निन्योत, म्हणजे पूर्व पॅसिफिक दर काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापतो तेव्हा, वारे ढिले पडतात. गरम पाणी केल्विन लाटेच्या, म्हणजे विषुववृत्ताला धरून जाणाऱ्या लांब लाटेच्या, रूपाने पूर्वेकडे निघते, सेकंदाला साधारण अडीच-तीन मीटर वेगाने, आणि दोन-तीन महिन्यांत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला पोहोचते. मोठ्या एल निन्योत तिथली पातळी २० ते ३० सेंटिमीटर चढते आणि पश्चिमेकडची उतरते.

हेच दशकांच्या मापावरही घडते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण २०१२ पर्यंत पॅसिफिकचे व्यापारी वारे बळावत गेले. पश्चिम उष्ण पॅसिफिकमध्ये पातळी वर्षाला सुमारे १० मिलिमीटर, म्हणजे जागतिक दराच्या तिप्पट, वाढली. त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढ जवळजवळ नव्हती. २०१५-१६ च्या एल निन्योनंतर चित्र उलटले. त्या वीस वर्षांच्या नोंदीवरून कोणी फिलिपिन्सजवळचा दर पुढच्या शतकासाठी ताणला असता, तर तो साफ चुकला असता. कॅलिफोर्नियात वाढ थांबली असे मानणाराही तितकाच चुकला असता.

हिंदी महासागरात काय वेगळे आहे?

हे खोरे उत्तरेला साधारण २५ अंश अक्षांशावर जमिनीने बंद आहे. त्यामुळे उष्णता उत्तरेकडे निसटू शकत नाही, आणि वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. हिंदी महासागर द्विध्रुव, म्हणजे खोऱ्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातला आलटता फरक, धन अवस्थेत (पश्चिम गरम, पूर्व थंड) असला की सुमात्रा-जावाजवळ थंड पाणी वर येते आणि पातळी उतरते, तर पश्चिम भागात ती चढते. १९९७ आणि २०१९ च्या धन घटना विशेष तीव्र होत्या. विषुववृत्तावर उठलेली लाट सुमात्राला धडकून किनाऱ्याकिनाऱ्याने बंगालच्या उपसागरात शिरते आणि पुढे भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालते. म्हणून किनाऱ्यावरच्या पातळीचे कारण कधीकधी हजारो किलोमीटर दूर वाहिलेल्या वाऱ्यात असते.

दुसरी गोष्ट म्हणजे इंडोनेशियाच्या सामुद्रधुन्या. पॅसिफिकच्या पश्चिम टोकाला साठलेली उष्णता त्यांतून हिंदी महासागरात येते. या शतकाच्या पहिल्या दशकात पॅसिफिकचा पृष्ठभाग फारसा तापला नाही, पण हिंदी महासागराच्या वरच्या ७०० मीटरमधली उष्णता झपाट्याने वाढली. तिचा मोठा हिस्सा याच वाटेने आला होता.

अटलांटिकमध्ये प्रवाह मंदावला की पातळी का चढते?

पृथ्वीच्या भ्रमणामुळे वेगवान प्रवाहाच्या दोन बाजूंना पातळी वेगळी राहते. गल्फ स्ट्रीम ओलांडताना किनाऱ्याकडची बाजू मोकळ्या समुद्राकडच्या बाजूपेक्षा सुमारे एक मीटर खाली असते. प्रवाह कमजोर झाला की हा उतार सपाट होतो आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची पातळी वर येते. २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर उपकरणांची एक रांग अटलांटिकच्या उलथापालथी प्रवाहाची (वर गरम पाणी उत्तरेकडे, खोलवर थंड पाणी दक्षिणेकडे) मोजणी करते. २००९-१० मध्ये तो प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी घटला, आणि त्याच दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर पातळी सुमारे १३ सेंटिमीटर चढली. त्यात उत्तर अटलांटिकवरच्या वाऱ्यांचाही वाटा होता. एकट्या प्रवाहाला सगळे श्रेय देऊ नये.

भूमध्य समुद्रासारख्या बंदिस्त खोऱ्याचे काय?

तिथे बाष्पीभवन हे पाऊस आणि नद्यांच्या एकत्रित पाण्यापेक्षा जास्त आहे. तूट जिब्राल्टरच्या १४ किलोमीटर रुंद सामुद्रधुनीतून भरून निघते. अटलांटिकवरच्या वाऱ्यांनी त्या दारापाशी पाणी लोटले की संपूर्ण खोरे एकदम भरते. २००९-१० आणि २०१०-११ च्या हिवाळ्यांत भूमध्य समुद्राची सरासरी सुमारे १० सेंटिमीटर चढली होती.

हवेच्या दाबाचा किती परिणाम?

दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की पातळी जवळपास १ सेंटिमीटर दबते. उपग्रहाच्या तयार माहितीतून हा परिणाम सहसा काढून टाकलेला असतो. किनाऱ्यावर पातळी मोजणाऱ्या भरतीमापकाच्या नोंदीत तो असतोच. दोन्हींची तुलना करताना ही दुरुस्ती एकीकडेच राहिली तर दोघांत फरक दिसतो आणि लोक उपकरणाला दोष देत बसतात.

२०१०-११ मध्ये जागतिक पातळी उतरली कशी?

त्या तीव्र ला निन्यात (एल निन्योच्या उलट अवस्थेत) ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि आग्नेय आशिया येथे प्रचंड पाऊस पडला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत, त्यामुळे ते पाणी बराच काळ जमिनीवरच अडकले. जागतिक सरासरी सुमारे ५ मिलिमीटर उतरली आणि पाणी परतताच पुन्हा चढली. गुरुत्वाकर्षणातले बदल मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांनी हे वजन जमिनीवर प्रत्यक्ष मोजले.

माणसाचा हातही याच रकान्यात येतो. विसाव्या शतकात बांधलेल्या धरणांनी अडवलेल्या पाण्याने समुद्राची सुमारे ३ सेंटिमीटर वाढ रोखून धरली. उपसलेले भूजल मात्र शेवटी समुद्रातच जाते आणि पातळी वाढवते.

लाखो-कोट्यवधी वर्षांच्या मापावर काय चालते?

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाच्या शिखरावर पातळी आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होती. सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी काही शतकांतच ती दहा मीटरहून अधिक चढली. त्याहून लांब काळात खोऱ्याचा आकारच बदलतो. समुद्रतळावरच्या पर्वतरांगांत नवा तळ वेगाने तयार होऊ लागला की तो गरम आणि उंच असतो, जास्त जागा व्यापतो आणि पाणी खंडांवर चढते. क्रेटेशियस काळातल्या (डायनोसॉरच्या शेवटच्या युगातल्या) उंच पातळीमागे हे एक मोठे कारण होते. आजच्या वार्षिक हिशेबात याची गरज नाही.

पातळी मोजतात कशी?

१९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स/पोसायडन या उंचीमापक उपग्रहापासून जेसन-१, २, ३ आणि २०२० मध्ये गेलेल्या सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिकपर्यंत एकच कक्षा सांभाळली गेली आहे: १,३३६ किलोमीटर उंची, ६६ अंशांचा कल, दर दहा दिवसांनी तीच वाट. रडारचा स्पंद खाली जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजला जातो. मग दुरुस्त्या होतात. कोरडी हवा अंतर सुमारे २.३ मीटर जास्त दाखवते, बाष्प काही सेंटिमीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंत. वर्षाला ३ मिलिमीटर शोधायचे असताना या दुरुस्त्यांतली छोटीशी घसरणही मोठी ठरते. टोपेक्सच्या पहिल्या सहा वर्षांच्या आकड्यांत आणि जेसन-३ च्या बाष्पमापकात अशी घसरण सापडली होती.

घनतेसाठी आर्गो या आंतरराष्ट्रीय जाळ्याचे सुमारे ४,००० तरंगक आहेत. प्रत्येक तरंगक १,००० मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान व क्षारता नोंदवतो. वस्तुमानासाठी २००२ ते २०१७ ग्रेस आणि २०१८ पासून ग्रेस-फॉलोऑन.

उपग्रह आणि भरतीमापक वेगळे का सांगतात?

भरतीमापक जमिनीच्या सापेक्ष मोजतो. जमीन खचत असेल तर समुद्र वाढल्यासारखा दिसतो. बॉथनियाच्या आखाताच्या उत्तरेला हिमयुगाचे ओझे गेल्यापासून जमीन वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर उठते आहे, म्हणून तिथे समुद्र उतरताना दिसतो. मापकाशेजारी जीपीएस स्थानक असल्याशिवाय हा वाटा नीट वेगळा करता येत नाही. भरतीमापकांच्या नोंदींच्या लिव्हरपूल येथील जागतिक संग्रहातून आकडे घेताना आरएलआर (सुधारित स्थानिक संदर्भ) संचच घ्यावा, कारण त्यात संदर्भपातळी तपासलेली असते. त्यात पातळी ७,००० मिलिमीटरच्या आसपास दिसली तर घाबरू नये. ऋण आकडे टाळण्यासाठी शून्य मुद्दाम तेवढे खाली धरलेले असते.

खोऱ्याची सरासरी स्वतः काढायची असेल तर?

महिनावार जाळीची माहिती घ्या आणि खोऱ्याची सीमा एकदाच ठरवा; ती मध्येच बदलली तर पातळीचा कल, म्हणजे वाढीचा दीर्घकालीन दर, बदलतो. प्रत्येक चौकटीला अक्षांशाच्या कोसाइनने भार द्या. हे राहून गेले तर उच्च अक्षांशांना अवाजवी वजन मिळते. वार्षिक आणि सहामाही आवर्तन वजा करा. हिमयुगानंतर समुद्रतळ अजून खचतो आहे, त्यासाठी उपग्रहाच्या जागतिक सरासरीत वर्षाला सुमारे ०.३ मिलिमीटर मिळवतात. मग रेषा बसवा. सलग महिन्यांचे आकडे एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्र मानले तर त्रुटी खऱ्यापेक्षा खूपच लहान दिसते.

वस्तुमान आणि घनता यांची बेरीज एकूण बदलाशी जुळत नाही. कुठे पाहावे?

आधी ग्रेसकडे. त्यातली हिमयुगोत्तर दुरुस्ती समुद्रासाठी वर्षाला सुमारे १ मिलिमीटर आहे, उपग्रह उंचीमापनाच्या ०.३ पेक्षा खूप मोठी. दोन्हीकडे एकच आकडा लावण्याची चूक सर्रास होते. मग किनाऱ्यालगतचे सुमारे ३०० किलोमीटर तपासा: जमिनीवरच्या पाण्याचा आणि बर्फाचा संकेत तिथे समुद्रात झिरपतो. ग्रेसच्या प्रक्रियेत समुद्राच्या अल्पकालीन हालचाली मॉडेलने आधीच वजा केलेल्या असतात. समुद्राचा अभ्यास करताना त्या जीएडी संचातून (ग्रेससोबत मिळणाऱ्या, त्याच मॉडेलच्या समुद्रतळदाबाच्या माहितीतून) परत मिळवाव्या लागतात.

नंतर आर्गोची क्षारता पाहा. २०१५ नंतरच्या काही संवेदकांत ती हळूहळू खरी नसलेली वाढ दाखवू लागली आणि त्यामुळे घनतेचा वाटा कमी भरला. गुणवत्तेच्या खुणा न पाहता कच्चे आकडे घेतले तर २०१६ पासून बेरीज तुटते. २,००० मीटरखालचे पाणी आर्गोच्या मुख्य जाळ्यात येत नाही. त्याचा वाटा जगासाठी वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर, पण दक्षिण महासागरात जास्त. नव्या पाण्याच्या ओझ्याने तळही थोडा दबतो, वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आसपास. एवढे करूनही फरक उरला तर क्षारता वगळून फक्त तापमानाचा भाग पुन्हा मोजून पाहा. दोष कोणत्या संवेदकात आहे ते बऱ्याचदा तिथेच कळते.

विश्वासार्ह कल सांगायला किती वर्षांची नोंद हवी?

जागतिक सरासरीसाठी दहा-पंधरा वर्षांत दिशा स्पष्ट होते. एका खोऱ्यासाठी निदान तीन दशके हवीत, उष्ण पॅसिफिकसाठी त्याहून जास्त. एकट्या भरतीमापकासाठी पन्नास-साठ वर्षे, कारण भरतीचे १८.६ वर्षांचे आवर्तन आणि वाऱ्यांचे दशकी चढउतार दोन्ही त्यात मिसळलेले असतात. नोंद लहानच असेल तर सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष एल निन्योचे आहे का ते आधी पाहा आणि एकेक टोकाचे वर्ष काढून कल पुन्हा काढा. तो निम्म्याने बदलत असेल तर दर सांगू नका, फक्त मर्यादा सांगा.